‘हीरो’च्या रकान्यात

मध्यरात्रीनंतर १२.३४ : बंद पडायला साडेअठरा तास

४ ऑक्टोबर २००५, मंगळवार. लॉस एंजेलिसमधल्या एकोणीस वर्षांच्या एका मुलाने मायस्पेसवरचं आपलं प्रोफाइल उघडलं, ‘माझे हीरो’ या रकान्यात थोडा मजकूर चिकटवला आणि तो साठवला. मुलाचं नाव सॅमी कामकार. त्या क्षणी त्याच्या मित्रयादीत ७३ जण होते. पुढच्या वेळा आणि आकडे त्याने स्वतः नंतर लिहिलेल्या हकिकतीतले आहेत.

मजकूर सर्व्हरकडे गेला, तिथे तपासला गेला आणि डेटाबेसमधल्या एका नोंदीत जाऊन बसला. डेटाबेसला अक्षरांचा अर्थ कळत नाही. कविता असो, शिवी असो, की कुणाच्या संगणकाला दिलेला हुकूम असो, त्याच्या लेखी ती अक्षरांची एक लांब ओळ. तिथे पडून असेपर्यंत हा मजकूर कुणाचंच काही बिघडवू शकत नव्हता.

मायस्पेस तेव्हा ऐन भरात होतं. ऑगस्ट २००३मध्ये सुरू झालेलं हे संकेतस्थळ दोन वर्षांत इतकं फोफावलं, की जुलै २००५मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने ते ५८ कोटी डॉलरना घ्यायचं जाहीर केलं. तरुण मुलामुलींना ते आवडायचं याचं एक मोठं कारण म्हणजे तिथली मोकळीक. आपल्या पानाची पार्श्वभूमी, रंग, चित्रं हवी तशी मांडता येत, कारण रकान्यांमध्ये साध्या मजकुराबरोबर एचटीएमएल लिहायलाही मुभा होती. लिहिलेलं डेटाबेसमध्ये जायचं आणि कुणीही ते पान उघडलं की तिथून बाहेर येऊन पानावर मांडलं जायचं.

दारावर पहारा नव्हता असं नाही. स्क्रिप्टचा टॅग चालत नसे. क्लिक केल्यावर किंवा माउस नेल्यावर काही घडवणारे, ‘ऑन’ने सुरू होणारे गुणधर्म काढून टाकले जात. ‘जावास्क्रिप्ट’ हा, ब्राउझरला हुकूम देणाऱ्या भाषेच्या नावाचा शब्द कुठेही दिसला की छाटला जाई. दुवे, चित्रं, डिव्ह असे मोजके टॅग तेवढे आत सोडले जात. ही गाळणी ज्यांनी लिहिली त्यांनी विचार करून लिहिली होती, हे नीट लक्षात ठेवायला हवं. हा प्रसंग निष्काळजी माणसांचा नव्हे.

सॅमीने डिव्हची, म्हणजे पानावरच्या चौकटीच्या टॅगची, ‘स्टाइल’ धरली. स्टाइलमध्ये पार्श्वभूमीसाठी चित्राचा पत्ता देता येतो. त्या पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची ओळ लिहिली, तर त्या काळचा इंटरनेट एक्सप्लोरर आणि सफारीच्या काही आवृत्त्या ती ओळ चालवत. अडचण एकच, तो शब्द छाटला जाणार. म्हणून त्याने शब्द मधोमध तोडला: ‘जावा’ एका ओळीवर, ‘स्क्रिप्ट’ खालच्या ओळीवर. गाळणीने दोन निरुपद्रवी तुकडे पाहिले आणि सोडून दिले. ब्राउझरने मधली मोडलेली ओळ मनावर न घेता दोन्ही तुकडे जोडून एकच शब्द वाचला.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या कथेत ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं, असं आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. तिथे निदान एक अक्षर बदलावं लागलं. इथे काहीही बदललं नाही. तोच कागद दोघांनी वाचला, एकाने त्यात नट्टापट्टा पाहिला आणि दुसऱ्याने हुकूम. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचं मूळ इथेच आहे. गाळणी मजकूर एका रीतीने वाचत होती, ब्राउझर दुसऱ्या रीतीने, आणि या दोन वाचनांमधल्या फटीतून आत शिरता येत होतं.

पुढचे अडथळेही त्याने याच फटीतून ओलांडले. एकेरी आणि दुहेरी दोन्ही अवतरणचिन्हं स्टाइल लिहिण्यातच खर्ची पडली होती, तेव्हा सगळा कोड त्याने त्याच डिव्हच्या, स्वतःच्या मनाने नाव दिलेल्या एका गुणधर्मात भरला आणि स्टाइलमधून फक्त ‘तिथलं वाचून चालव’ एवढं सांगितलं. कोडमध्ये दुहेरी अवतरणचिन्ह लागलं, तेव्हा ते टाइप न करता ३४ या त्याच्या सांकेतिक क्रमांकावरून चालत्या कोडमध्येच घडवलं. जे शब्द गाळणीला खुपत ते अर्धे अर्धे लिहिले आणि ब्राउझरमध्ये पोचल्यावर जोडून घेतले.

कोड करायचा काय? पान उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये, त्या माणसाच्याच लॉगिनच्या बळावर, तो सॅमीला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायचा. मग त्या माणसाच्या ‘माझे हीरो’ रकान्यात ‘पण सगळ्यांत जास्त म्हणजे सॅमी माझा हीरो आहे’ या अर्थाची एक इंग्रजी ओळ घालायचा, आणि त्या ओळीला चिकटून स्वतःची पूर्ण प्रत. मायस्पेस अशा विनंतीसोबत दर वेळी एक नवी गुप्त खूण मागत असे. कोड आधी ते पान मागवून घेई, त्यातली खूण वाचे आणि तीच परत पाठवे. सर्व्हरला दिसायचं एवढंच, की लॉगिन केलेल्या माणसाने बटण दाबलं. सर्व्हरचं वाचन चूक नव्हतंच. विनंती खरोखर त्याच माणसाच्या ब्राउझरमधून आली होती.

सॅमीचा हेतू पैशांचा नव्हता, कुणाचे पासवर्ड त्याने घेतले नाहीत. पानावर ठरावीक संख्येपेक्षा जास्त फोटो लावता येतात का, नात्यासाठी यादीबाहेरचा शब्द लिहिता येतो का, असल्या खटपटींपासून सुरुवात झाली होती. मित्रांमध्ये थोडा भाव खावा, इतकीच त्याची अपेक्षा होती.

मध्यरात्रीनंतर १.३० : साडेसतरा तास

७३ मित्र, १ विनंती. एका मित्राच्या मैत्रिणीने त्याचं पान पाहिलं आणि तिच्या नकळत विनंती आली. ती मान्य करून तो झोपायला गेला.

तो झोपलेला असताना थोडं मागे जाऊ. जे घडत होतं त्याला ‘क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग’ हे नाव पडून पाच वर्षं झाली होती. मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्यांनी जानेवारी २०००मध्ये ते वापरात आणलं. २ फेब्रुवारी २००० रोजी पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सर्ट या केंद्राने जाहीर इशारा दिला, की दुसऱ्यांकडून आलेला मजकूर पानावर मांडताना त्यातली खास अर्थाची चिन्हं निष्प्रभ केल्याशिवाय मांडू नका. म्हणजे आजार ठाऊक होता, औषधही ठाऊक होतं.

मग नवं काय होतं? पान न बदलता, पडद्याआड सर्व्हरशी बोलायची सोय. ब्राउझरमध्ये ती काही वर्षं होती, पण फेब्रुवारी २००५मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी तिला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं आणि जो तो ती वापरू लागला. आधी अशा कोडने फार तर एखादी खिडकी उघडून दाखवली असती. आता तो बघणाऱ्याच्या नावाने पानं मागवू शकत होता, फॉर्म भरू शकत होता, आणि स्वतःला पुढच्या नोंदीत लिहून ठेवू शकत होता. पडद्यावर काही हललेलंही दिसत नसे.

सकाळी ८.३५ : साडेदहा तास

७४ मित्र, २२१ विनंत्या.

सॅमीने हिशेब केला: आठ तासांत दोनशे, म्हणजे दिवसाला सहाशे. हिशेब साधा आणि पूर्ण चुकीचा होता. तो त्रैराशिकाने मोजत होता, आणि त्रैराशिक इथे लागू नव्हतं.

सकाळी ९.३० : साडेनऊ तास

७४ मित्र, ४८० विनंत्या. तासाभरात दुपटीहून जास्त. आता त्याच्या लक्षात आलं, की वाढ बेरजेने होत नाही, गुणाकाराने होते आहे.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. तरी प्रत्यक्ष तशी वाढ समोर आली की पहिल्या काही घरांत कुणाचाच तिच्यावर विश्वास बसत नाही. प्रत्येक नवं प्रोफाइल आता स्वतःच एक उगम होतं. अमेरिका जागी होत होती, लोक कचेऱ्यांत आणि कॉलेजांत संगणक उघडत होते, आणि मायस्पेसवर माणूस मुख्यतः दुसऱ्यांची पानंच बघत हिंडायचा. बघणं हीच लागण होती. कशावर क्लिक करायला नको, काही उतरवून घ्यायला नको, कुठल्या फसव्या पत्राला भुलायला नको.

या वेळी मायस्पेसच्या यंत्रणेत बघितलं असतं तर काय दिसलं असतं? काहीशे माणसांनी आपापल्या प्रोफाइलमध्ये बदल केला, एवढंच. नोंदी बरोबर, लॉगिन बरोबर, विनंत्या बरोबर. प्रत्येक लेखन मालकाच्याच नावावर.

सकाळी १०.३० : साडेआठ तास

५१८ मित्र, ५६१ विनंत्या. अनोळखी माणसांचे निरोप येऊ लागले: मी तुला जोडलंच नाही, तू माझ्या यादीत आलास कसा?

दुपारी १.३० : साडेपाच तास

२,५०३ मित्र, ६,३७३ विनंत्या. लोक चिडले होते, तक्रारी करत होते. रकान्यातून सॅमीचं नाव पुसून टाकायचे, मग एखाद्या मित्राचं पान उघडायचे आणि नाव पुन्हा हजर.

आपलं खातंच बंद करून टाकावं असं सॅमीच्या मनात आलं. पण त्याने काय झालं असतं? त्याच्या प्रोफाइलमधली नोंद आता हजारो सारख्या नोंदींपैकी एक होती. मूळ प्रत नष्ट केल्याने बाकीच्यांना काही फरक पडणार नव्हता. साठवलेल्या मजकुरातून चालणाऱ्या हल्ल्याचं हे सर्वांत वाईट लक्षण. सर्व्हर बंद करून चालू केला तरी तो तिथेच, आणि डेटाबेसची सुरक्षित प्रत काढली तर तो त्या प्रतीतही.

आपल्यावर कुणी खटला भरेल का, ही धास्ती त्याला त्या दुपारी वाटू लागली, आणि ती खरी ठरली. पुढच्या वर्षी तपास यंत्रणांनी त्याच्याकडे छापा घातला. ३१ जानेवारी २००७ रोजी त्याने लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. तीन वर्षांची देखरेख, नव्वद दिवसांची समाजसेवा, नुकसानभरपाई, आणि खासगी कामासाठी इंटरनेट वापरायला मनाई. नंतरच्या काळात तो सुरक्षेचा संशोधक म्हणून ओळखला जाऊ लागला. ती शिक्षा मला जड वाटते. त्याने जे केलं ते बेकायदा होतं, यात शंका नाही. पण याच दारातून एखादा चोर शिरला असता तर दहा लाख माणसांचे खासगी निरोप त्याने वाचले असते, आणि कुणाच्या रकान्यात नाव लिहायला तो थांबला नसता.

संध्याकाळी ६.२० : पाऊण तास

मधल्या जवळपास पाच तासांत सॅमीने आकडा पाहिला नव्हता. आता धीर करून पाहिला.

९,१७,०८४ विनंत्या.

तीन सेकंदांनी पान पुन्हा मागवलं: ९,१८,२६८. आणखी तीन सेकंदांनी: ९,१९,६६४. म्हणजे सेकंदाला चारशेहून अधिक. काही मिनिटांत १०,०५,८३१.

दुपारी दीडला मित्र आणि विनंत्या मिळून ८,८७६ होत्या. तिथून इथवर शंभर पटीहून जास्त वाढ. दुपटीच्या हिशेबाने मी हे मांडून पाहिलं, तर दर त्रेचाळीस-चव्वेचाळीस मिनिटांनी आकडा दुप्पट होत होता असं निघतं. सकाळच्या तासाभराच्या दुपटीपेक्षा हा वेग जास्त. शिवाय प्रत्येक लागणीमागे सर्व्हरवर एक नाही, अनेक विनंत्या जात होत्या: पान मागव, खूण वाच, मैत्री पाठव, प्रोफाइल मागव, बदल लिही. बघणाऱ्याने एक पान उघडलं, तर डेटाबेसला लिहिण्याचं काम लागत होतं, आणि लिहिणं वाचण्यापेक्षा महाग असतं. त्यात सगळ्या मैत्रीच्या विनंत्या एकाच खात्याच्या नावावर येऊन साचत होत्या.

संध्याकाळी ७.०५ : शून्य

एका मित्राने सॅमीला सांगितलं, की स्वतःचं प्रोफाइल दिसत नाही, दुसऱ्या कुणाचंही दिसत नाही. गट नाहीत, मित्र नाहीत, काहीच चालत नाही. दुरुस्तीसाठी बंद असल्याची आणि सगळी मंडळी कामाला लागल्याची सूचना तेवढी जिथे तिथे होती. गाडी काढून मायस्पेसच्या कचेरीत जावं आणि माफी मागावी का, असा विचार सॅमीच्या मनात घोळत राहिला.

आत बसलेल्यांसमोर दोन कामं होती. एक, गाळणीतली फट बुजवणं. दुसरं, आधीच शिरलेला कोड लाखो नोंदींमधून हुडकून काढणं, आणि तोही लोकांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराला धक्का न लावता. पहिलं काम न करता दुसरं करून उपयोग नव्हता.

इथे थोडं थांबतो, कारण नव्या प्रोग्रामरांना मी हे नेहमी सांगतो आणि ते बऱ्याचदा उलटं समजतात. मजकूर आत घेताना ‘स्वच्छ’ केला की काम झालं, असा त्यांचा समज असतो. पण आत घेताना आपल्याला माहीत नसतं की तो उद्या कुठे मांडला जाणार आहे. पानाच्या मध्यभागी, टॅगच्या एखाद्या गुणधर्मात, पत्त्यात, मोबाइलवरच्या सूचनेत, की ईमेलच्या विषयात. प्रत्येक ठिकाणी धोक्याची चिन्हं वेगळी. म्हणून माणसाने जे लिहिलं ते तसंच साठवावं, आणि बाहेर काढताना, ज्या जागी मांडायचं त्या जागेच्या नियमांनी निष्प्रभ करावं. ‘पेक्षा लहान’चं कोनी चिन्ह असेल तर त्याऐवजी अँपरसँड, एल, टी आणि अर्धविराम पाठवायचे. मग ब्राउझर टॅग सुरू करत नाही, कोन काढून दाखवतो. वाचणाऱ्याला फरक कळत नाही.

मग लोक हे करत का नाहीत? एक कारण मराठी मजकूर हाताळणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. जुन्या प्रणालींमध्ये देवनागरी अक्षरं सरळ साठत नसत, म्हणून ती क्रमांकांच्या रूपात साठवली जात: ‘म’साठी अँपरसँड, हॅश, २३५०, अर्धविराम. असा मजकूर बाहेर काढताना निष्प्रभ केला की पानावर मराठीऐवजी आकड्यांची रांग उमटते. बातमी वाचता येत नाही म्हणून कुणीतरी निष्प्रभ करणंच बंद करतो. मराठी दिसू लागते, सगळे खूश होतात, आणि दार सताड उघडं राहतं. खरा उपाय डेटाबेसमध्ये युनिकोड नीट साठवण्याचा आहे, पण घाईच्या वेळी तो कुणाला सुचत नाही.

मायस्पेसची अडचण याहून अवघड होती. त्यांना लोकांचं एचटीएमएल एचटीएमएल म्हणूनच दाखवायचं होतं. सरसकट निष्प्रभ केलं असतं तर सगळा नट्टापट्टा गेला असता आणि त्याबरोबर निम्मी गंमत. अशा वेळी वाईट शब्द शोधून छाटणं हा मार्ग टिकत नाही, कारण वाईटाची यादी कधीच पुरी होत नाही. मजकूर ब्राउझर वाचेल तसाच आधी आपण वाचायचा, त्याचे टॅग, गुणधर्म, स्टाइलमधले नियम, पत्त्यांचे प्रकार सुटे करायचे, आणि ज्यांना नावानिशी परवानगी दिली आहे तेवढेच पुन्हा जोडून नवा मजकूर तयार करायचा. जे ओळखू येत नाही ते आत जाणार नाही. असा कोड लिहिणं कष्टाचं आहे. म्हणून तो स्वतः लिहू नये, अनेकांनी घासूनपुसून तपासलेला घ्यावा.

त्या दिवसानंतर संकेतस्थळं बांधायची साधनंही बदलत गेली. रेल्सची तिसरी आवृत्ती २०१०मध्ये आली, तेव्हापासून पानावर जाणारा मजकूर आपोआप निष्प्रभ होतो, नको असेल तर मुद्दाम सांगावं लागतं. रिअॅक्टमध्ये कच्चं एचटीएमएल मांडायच्या सोयीच्या नावातच ‘डेंजरसली’ हा शब्द घातला आहे, लिहिणाऱ्याचा हात क्षणभर अडखळावा म्हणून. पीएचपीच्या निष्प्रभ करणाऱ्या फंक्शनने २०२१मध्ये, ८.१ आवृत्तीत, वेगळं न सांगता एकेरी अवतरणचिन्हही निष्प्रभ करायला सुरुवात केली. एवढंसं चिन्ह, आणि तिथवर यायला इतकी वर्षं.

रात्री ९.३० : बंद पडल्यानंतर अडीच तास

मायस्पेस पुन्हा चालू झालं. पानं उघडू लागली, मित्र दिसू लागले. स्वतःची प्रत काढणारा कोड नोंदींमधून निघाला होता.

हीरोची ओळ मात्र सगळीकडून निघाली नव्हती. सॅमीच्या मैत्रिणीच्या पानावर ती होती, आणि आणखी कितीतरी जणांच्या पानांवर. त्यांच्या ‘माझे हीरो’ रकान्यात, त्यांनी स्वतः लिहिलेल्या नावांखाली, सॅमी आपला हीरो असल्याचं लिहिलेलं होतं. कुणीही ते पान उघडत होतं, ती ओळ वाचत होतं आणि पुढच्या पानावर जात होतं.